बसमधल्या अकरा रिकाम्या सीट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला आणि पाठोपाठ जुन्या सहलींचे फोटो यायला लागले, एकाने टाकला की दुसऱ्याला आठवायचा, असं करत रात्रीपर्यंत पन्नासेक फोटो झाले. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. बसच्या पायरीवर दाटीवाटीने उभी असलेली पोरं, खिडकीतून बाहेर आलेले हात, सरांची टोपी कुणीतरी घातलीये. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षांचे फोटो आहेत आणि मी एकातही नाही. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, जो आलाच नाही तो फोटो बघून आठवणार कसा? पण एका फोटोत बसच्या आतला भाग दिसतो, मागच्या दोन रांगांमध्ये माणसं नाहीत, नुसत्या सॅक ठेवल्यात. त्या सीटकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्यातली एक माझी होती.

आमचा वर्ग 46 जणांचा. त्यातले आम्ही 11 जण कधीच सहलीला गेलो नाही. सहलीच्या दिवशी मागे शाळेत काय चालायचं हे फक्त आम्हालाच माहीत, म्हणून ते लिहावं असं वाटलं.

सगळं नोटिशीपासून सुरू व्हायचं. ठिकाण, तारीख, निघायची वेळ, रक्कम आणि खाली कापून द्यायची स्लिप. स्लिपवर दोन चौकोन, 'पाठवणार आहे' आणि 'पाठवणार नाही', आणि पालकांची सही. ती नोटीस मी चार-चार दिवस कंपासपेटीत ठेवायचो. मग एका रात्री आईच्या हातात द्यायचो. आई आधी रक्कम बघायची, मग वरून सगळं वाचायची, मग परत रक्कम बघायची, आणि कागदाची घडी होती तश्शीच घालून विचारायची, "शेवटची तारीख कधी आहे रे?" ती नाही कधीच म्हणाली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. फक्त शेवटची तारीख विचारायची, आणि त्या तारखेच्या आत घरात पैसे येणार नाहीत हे मला तिच्या आवाजावरून कळायचं. धाकटी बहीण पण याच शाळेत, म्हणजे एकाला पाठवायचं तर दुसरीला काय सांगायचं हा पण प्रश्न होताच. आठवीत असताना मीच म्हणालो, आई मला नाही जायचं, मला बस लागते. आईने माझ्याकडे बघितलं आणि सही केली. 'पाठवणार नाही' वरची खूण मीच केली, तिच्या हाताने ती व्हायला नको होती मला.

शाळेतही तेच कारण सांगितलं. आमच्या बाईंनी तर बिचाऱ्यांनी बस लागू नये म्हणून कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मला जास्तच वाईट वाटलं. तीन वर्षं मी बस लागणारा मुलगा होतो. मला आजपर्यंत कधीही बस लागलेली नाही.

नववीत एका सरांना बहुतेक अंदाज आला असावा. पैसे जमा करायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी भर वर्गात विचारलं, "पैशाचा प्रश्न आहे का रे? असेल तर सांग, मी भरतो." सरांचं मन मोठं होतं यात शंकाच नाही, आजही ते भेटले तर मी आधी पाया पडेन. पण 45 जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, नाही सर, बस लागते. मदत करणाऱ्याला वाटतं की विचारलं म्हणजे झालं, पण कुणासमोर विचारलं यावर समोरचा हो म्हणू शकतो की नाही ते ठरतं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आज सांगता येतं.

सहलीच्या दिवशी शाळा असायची आमच्यासाठी. हजेरी पण व्हायची. अकरा जण मोठ्या वर्गात पांगून बसायचो, जवळजवळ बसावं असं कुणालाच वाटायचं नाही, का ते माहीत नाही, एकमेकांकडे बघितलं की आपण इथे का आहोत ते कळायचं म्हणून असेल. शिकवायचे नाहीत, कारण बाकीच्यांचा भाग बुडेल. मग नकाशे गुंडाळून ठेवा, लायब्ररीची पुस्तकं पुसा, शुद्धलेखन लिहा. म्हणजे गेलेल्यांचं काही बुडू नये याची काळजी होती, आमचा पूर्ण दिवस बुडायचा तो कुणी मोजत नव्हतं.

पण खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा. रात्रीत वर्गाची भाषाच बदललेली असायची, कुणाला तरी नवीन नाव पडलेलं, एक कुठलासा शब्द उच्चारला की सगळे हसणार, आणि आपण विचारलं तर "तू नव्हतास ना, तुला नाही कळणार." असं म्हणणारा दुष्टपणाने नाही म्हणायचा, खरंच नसतं कळलं मला. आणि मग निबंध. 'आमची सहल'. वर्गात सगळ्यांना तोच विषय! बाकावरच्या मित्राकडून मी मधल्या सुट्टीत सगळं ऐकून घेतलं, धरण केवढं, पाण्याचा आवाज कसा येतो, भिंतीवरून खाली बघितलं की काय होतं, आणि लिहिला. दहापैकी आठ मिळाले. बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला, "पाण्याचे तुषार माझ्या चेहऱ्यावर उडाले" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मित्र शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याने ते कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि हे वाचत असशील तर मित्रा, तुझे ते उपकार मी विसरलेलो नाही.

दहावीत मात्र एक वेगळी गोष्ट झाली. त्या वर्षी आमच्यासोबत गणिताच्या बाई थांबल्या होत्या. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की पुस्तकं पुसायची नाहीत, चला बाहेर. मैदानाच्या कडेला एक जुनं झाड होतं, त्याची उंची मोजायची, पण वर चढायचं नाही. एक मीटरची काठी जमिनीत सरळ उभी केली, तिची सावली मोजली, 80 सेंटीमीटर. लगेच झाडाची सावली मोजली, टेप पुरेना म्हणून दोन वेळा धरून, 9 मीटर 60 सेंटीमीटर. मग मातीतच काडीने गुणोत्तर मांडलं आणि झाड 12 मीटर निघालं. बाई म्हणाल्या, थेल्स नावाच्या ग्रीक माणसाने पिरॅमिडची उंची अशीच सावलीवरून मोजली असं सांगतात. मग आम्ही सुटलोच, शाळेची इमारत, झेंड्याचा खांब, पाण्याची टाकी, एकेक मोजत आणि ओरडत फिरत होतो आणि त्या दिवशी आम्ही अकरा जण पहिल्यांदा एकत्र होतो. दुसऱ्या दिवशी गेलेली मुलं आम्हाला विचारत होती की ते झाडाचं कसं काय केलंत, आम्हाला पण दाखवा. सहल म्हणजे वर्गाबाहेर नेऊन काहीतरी दाखवणं, तर माझ्या शाळेच्या आयुष्यातली ती एकच सहल, आणि तिला एक टेप आणि एक काठी लागली.

आता मी हिशोबाचंच काम करतो, बजेट, कोटेशन, हे माझं रोजचं आहे, त्यामुळे त्या जुन्या नोटिशीकडे आज वेगळ्या नजरेने बघता येतं. सहलीच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक ठरलेला, म्हणजे बसचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, सोबत येणाऱ्या शिक्षकांचा खर्च, हा 35 मुलं आली काय आणि 46 आली काय तेवढाच. दुसरा डोक्यावर वाढणारा, प्रवेशाचं तिकीट आणि जेवण. आता 46 मधली 11 मुलं गळाली की ठरलेला भाग 35 जणांत वाटला जातो आणि तो प्रत्येकी साधारण 31 टक्क्यांनी वाढतो. मग रक्कम वाढली की काठावरची आणखी दोन-तीन घरं माघार घेतात. म्हणजे आम्ही न गेल्याने बाकीच्यांना सहल महाग पडत होती आणि सहल महाग म्हणून आम्ही जात नव्हतो.

आता उलटं करून बघा. समजा वर्गातले सगळे येणार असं धरून काढलेल्या माणशी खर्चात दोन तृतीयांश ठरलेला आहे आणि एक तृतीयांश डोक्यावरचा. फक्त 35 जण गेले तर प्रत्येकाला जेवढे पडतात ते 100 धरा. त्याच 35 जणांनी सगळ्या 46 जणांचा खर्च उचलला तर प्रत्येकाला 109 पडतात. शंभराला नऊ! बस तीच, सर तेच, सीट रिकाम्याच जाणार होत्या, त्यावर सॅकच्या जागी आम्ही बसलो असतो. हा आकडा निघाला तेव्हा मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितला. मला वाटायचं की आम्हाला न्यायचं म्हणजे शाळेवर केवढा मोठा बोजा. आणि ते नऊ सुद्धा पालकांवरच टाकायला हवेत असं नाही, माजी विद्यार्थ्यांचा छोटासा फंड असला तरी भागतं.

कुणी म्हणेल सहल ऐच्छिक असते, ज्याला परवडतं त्याने जावं, ज्याला नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी का अडून राहायचं. मला हे पटत नाही असं नाही, सहली बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, मुलांना बाहेर न्यायलाच पाहिजे. पण ऐच्छिक कुणासाठी? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला इच्छा असते, माझ्या आईसमोर इच्छेचा प्रश्नच नव्हता. आणि शाळेच्या वेळेत, शाळेच्या नावाने, शाळेचे शिक्षक घेऊन जाणार, वर त्यावर निबंध आणि प्रोजेक्टचे मार्क, मग ती ऐच्छिक कशी राहिली हो? इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्यात याचा विचार केलाय. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना शाळेच्या वेळेतल्या सहलीची सक्तीची फी घेता येत नाही, ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण वर्गणी दिली नाही म्हणून एखाद्या मुलाला मागे ठेवता येत नाही. वर्गणी पुरेशी जमली नाही तर सहल रद्द होऊ शकते, पण ती सगळ्यांचीच. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यातही पैशाअभावी कुठल्याच विद्यार्थ्याला सहलीपासून रोखू नये असं लिहिलंय. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या कलम 31 मध्ये खेळ, करमणूक आणि सांस्कृतिक गोष्टींत मुलांना समान संधी मिळावी असं म्हटलंय. तिथेही सगळं छान चाललंय असा माझा दावा नाही. पण निदान प्रश्न मुलाच्या अंगावर ढकललेला नाही, ठरवणाऱ्यांच्या अंगावर आहे.

म्हणून मला वाटतं ठिकाण ठरवायची सुरुवातच उलटी व्हावी. आधी ठिकाण, मग कोटेशन, मग नोटीस, आणि शेवटी कोण येत नाही ते मोजायचं असं नको. वर्गातल्या सगळ्यात ओढगस्तीच्या घराला कितीपर्यंत जमेल ते आधी बघा (वर्गशिक्षकांना हे बरोबर माहीत असतं, विचारायची गरज पडत नाही), आणि तेवढ्यात काय बसतं ते शोधा. वर्षाच्या सुरुवातीलाच तारीख आणि रक्कम कळली तर थोडे थोडे साठवता येतात, पंधरा दिवसांच्या नोटिशीत कुठलंच काठावरचं घर उभं राहू शकत नाही. आणि सवलत द्यायची तर अर्ज लिहायला लावून, दाखले मागून देऊ नका, आमच्यासारखी घरं तो अर्ज करतच नाहीत, आम्ही बस लागते म्हणतो. ज्यांना महागड्या थीम पार्कला किंवा विमानाने जायचंय त्यांनी सुट्टीत आईवडिलांबरोबर खुशाल जावं, त्याला शाळेचं नाव आणि शाळेचा दिवस लागत नाही.

स्मरणिकेबरोबर देणगीचं पत्रकही आलंय, कमान, स्टेज, साऊंड सिस्टीम अशी यादी आहे. माझी रक्कम मी मुख्याध्यापिका बाईंशी फोनवर बोलून सहलीच्या खात्यात टाकायला सांगितलीये, कुणाचं नाव नको, कुठल्या मुलासाठी वापरली ते मलाही कळवायचं नाही. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, आणखी काही सुचवायचंय का. मी म्हणालो, हो, एकच. स्लिपवरचा 'पाठवणार नाही' हा चौकोन काढून टाका. त्या जागी फक्त पालकांची सही ठेवा, आणि बाकीचं शाळेने बघावं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, यंदाची स्लिप अजून छापायला गेलेली नाही.