ओसरीवरचा हललेला फोटो

पाटण तालुक्यात एका घरी आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम होतं. कार्यक्रमाचे फोटो नेहमीचेच, पण त्यांच्या मुलाला आजींचा एकटीचा पोर्ट्रेट हवा होता, वीस बाय तीस इंची, भिंतीवर लावायला. आता २४ मेगापिक्सेलची फाईल त्या साईजला नेली की इंचाला २०० पिक्सेलच मिळतात, मोबाईलवर दिसतच नाही असा बारीक हललेपणा तिथं लगेच डोळ्यात येतो.

आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फ्लॅश नको म्हणाल्या. ओसरीवरचा उजेड फार सुंदर होता पण कमी. लग्नाची कामं करणारी हल्लीची पोरं ट्रायपॉड म्हणजे व्हिडिओवाल्याचं सामान समजतात, मला ते अजिबात पटत नाही, मी लावलाच. ८५ मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र एफ ४, आयएसओ म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता २००, शटर १/३० सेकंद. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद, रिमोट हातात, आणि मी कॅमेऱ्याच्या बाजूला पाटावर बसलो.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला नसला ना, की समोरचं माणूस तुमच्याशी बोलायला लागतं. आजी ६७ सालच्या कोयनेच्या भूकंपाचं सांगायला लागल्या. ११ डिसेंबरची पहाट. "भांडी पडली म्हणून जाग आली बाळा, पोरगं उचललं न् अंगणात पळाले, मागं वळून बघितलंच न्हाई." सांगता सांगता त्यांचा हात छातीशी गेला, अजून ते पोरगं तिथंच आहे असा. मी सात-आठ फ्रेम घेतल्या.

स्क्रीनवर झूम करून बघतो तर लुगड्याच्या काठाचा धागान् धागा शार्प, शेजारच्या खांबाची चीर शार्प, आणि पापण्या पुसून टाकल्यासारख्या. वयामुळे आजींची मान बारीक हलते, सारखी. ट्रायपॉडनं कॅमेरा धरला, मान कोण धरणार?

मग कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून हातात घेतला, शटर १/२५०, त्यासाठी आयएसओ १६००, तीन स्टॉप वर, म्हणजे तीनदा दुप्पट. खांबाला पाठ लावून, कोपर गुडघ्यावर टेकवून, अर्धा श्वास सोडून बर्स्ट मारले, म्हणजे एका दमात सलग फ्रेम. सगळे शार्प. पण तोवर नातेवाईक मोबाईल घेऊन माझ्या मागं, "आजी इकडं बघा, हसा की", चार दिशांनी चार हाका मारल्या की म्हाताऱ्या माणसानं बघायचं तरी कुठं? आजींनी पदर सावरला, नीट बसल्या, हसल्या.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, ट्रायपॉडवर ठेवूनच १/२५० का नाही केलं? जास्त आयएसओमुळे फोटोत दाणे आले असते थोडे, ते सॉफ्टवेअरमध्ये कमी होतात, पुसलेले डोळे कशानं परत येणार. ट्रायपॉड लावला की शटर खाली आणायचं, ही डोंगर-देवळं काढताना बसलेली सवय, आणि नेमकी ती माणसासमोर आडवी आली.

मुलानं हातात धरून काढलेल्यांमधला एक निवडला, प्रिंट आता ओसरीत लागलीय, सगळ्यांना आवडलीय. छातीशी हात असलेला फोटो मी त्यांना दाखवलाच नाही, पण डिलीटही करवत नाही. छातीशी उचलून नेलेलं पोरगं म्हणजे हाच मुलगा का, हे विचारायचंही राहून गेलं.