निरंक

ऑफिसात ‘निरंक’ हा शब्द मी जवळजवळ रोज लिहिते. वरून तक्ता येतो, अमुक माहिती तात्काळ सादर करा म्हणून. रकान्यात भरायला काही नसलं की निरंक, खाली सही, विषय संपला. निम्म्या वेळा कुणी शोधलेलंही नसतं, हे माझ्यासारख्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

२०१८च्या जानेवारीत व्याघ्रगणनेला स्वयंसेवक म्हणून मेळघाटात गेले. परतवाड्याहून घाट चढून हरिसाल आणि तिथून आत तारुबांद्याकडे, गुगामल राष्ट्रीय उद्यानात. सोबत तीन स्वेटर, मैत्रिणीची दुर्बीण आणि भाच्याला दिलेला शब्द: वाघाचा फोटो आणीन.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की आम्ही वाघ मोजणारच नाही. वाघ नंतर कॅमेरे मोजतात, अंगावरच्या पट्ट्यांवरून. दर चार वर्षांनी होणाऱ्या या गणनेत आमचं काम अगदी सुरुवातीचं. तीन दिवस रोज पाच किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या. पुढचे तीन दिवस आखलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून चालत दिसतील ती सांबरं, गवे, भेकरं नोंदवायची: किती, किती अंतरावर, कोणत्या दिशेला. परतताना झाडं, झुडपं आणि लेंड्या. हो, लेंड्या मोजल्या मी. एका पट्ट्यात बसून, काडीने पाला बाजूला सारत.

बीटचा, म्हणजे जंगलाच्या त्या भागाचा, वनरक्षक पंचविशीचा, लातूरकडचा. फोनमधलं अ‍ॅप त्याच्याकडे, कागदाचा तक्ता माझ्याकडे. तिसरे कोरकू वनमजूर काका. ते फार बोलायचे नाहीत. थांबायचे, आणि ते थांबले की आम्ही थांबायचो.

पहिल्या दिवशी वाटेत मध्येच विष्ठेचा काळपट ढीग दिसला. मी उत्साहाने पेन काढलं. काका उकिडवे बसले आणि काडीने तो ढीग फोडला. आत बोराच्या बिया, शंभरेक तरी असतील, चाटूनपुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ. “भालू. रात को बेर खाया,” ते म्हणाले. मग वर बोट केलं. वीस पावलांवर बोरीचं झाड होतं, खालच्या फांद्या मोडलेल्या. मी ‘अस्वल’ लिहिलं. तेवढ्यात काकांनी विचारलं, “बाई, कुला देखना है?” कोरकूत कुला म्हणजे वाघ. मी मान डोलावली. ते हसले नुसते.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. नाल्याची वाळू, जुना गाडीरस्ता, सागाच्या वाळक्या पानांचा तो कर्रकर्र आवाज. वाळूत ठसा दिसेल म्हणून मी इतकी वाकून चालत होते की कंबर धरली. पाच किलोमीटर संपले तरी तक्ता कोरा. मला कसंतरीच झालं. एवढ्या लांब येऊन कोरा कागद द्यायचा? मध्ये एक अर्धवट, पुसट खूण दिसली होती, ती बिबट्याची म्हणून लिहावी का, असं मी चाचपडत विचारलं.

“खात्री आहे का मॅडम?”

“नाही.”

“मग निरंक लिहा.”

मी लिहिलं. एका शब्दासाठी पाच किलोमीटर चालावं लागण्याची माझी ती पहिलीच वेळ. तो पुढे म्हणाला की बघून लिहिलेलं निरंक आणि न बघता लिहिलेलं निरंक कागदावर सारखंच दिसतं, घोळ तिथंच होतो. पोरगा ऑफिसात असता तर आमच्या साहेबांना जड गेला असता.

संरक्षण कुटीत रात्री खिचडी आणि मिरचीचा ठेचा. थंडी अशी की तीनही स्वेटर घालून झोपले. सरळ रेषेच्या तीन दिवसांत गव्यांचा एक कळप, दोन सांबरं आणि एक भेकर. भेकर आमच्याकडे बघून जे भुंकलं, त्यात माझ्या हातातला तक्ता पडला आणि अंतर लिहायचं राहून गेलं. वाघ दिसला नाही. भाचा आठवडाभर बोलला नाही.

२०१९च्या जुलैत आकडे जाहीर झाले: देशात २,९६७, महाराष्ट्रात ३१२. ऑफिसात एकाने विचारलं, त्यातले तुमचे किती? मी म्हटलं, एकही नाही, पण तो तक्ता माझा आहे.

पुढच्या गणनेच्या वेळी २० नोव्हेंबर २०२१ला बातमी आली. ताडोब्यात याच कामासाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. सोबत मजूर होते. त्या पुढे होत्या. मी ती बातमी दोनदा वाचली आणि मेळघाटातल्या त्या पोराला फोन लावला. लागला नाही. तिथे रेंज कुठली. रात्री उशिरा त्याचाच आला. बीट बदललंय म्हणाला, थंडी पडायला लागलीय म्हणाला.

सहाही दिवस तो माझ्या पुढे चालत होता. चौथ्या दिवशी मी म्हटलं होतं, आज मी पुढे होते, तुला जरा आराम. तर म्हणाला, “नको मॅडम, जाळी आधी माझ्या तोंडाला लागू दे.” पहाटे वाटेवर कोळ्यांची जाळी असायची खरी, चेहऱ्याला चिकटायची. मला वाटलं होतं, तो जाळ्यांबद्दलच बोलतोय.