चार ओहमचे हट्टी स्पीकर आणि परवडणारा अ‍ॅम्प्लिफायर

माझे स्पीकर आकाराने लहान असले, तरी चालवायला जड आहेत. त्यांची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला ते किती मोठा आवाज देतात ते) २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८४ डेसिबल आणि इंपीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ४ ओहम अशी नोंदवलेली आहे; खर्जाच्या वरच्या भागात मात्र तो ३ ओहमपर्यंत उतरतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर हळू आवाजात तक्रारीला जागा नव्हती, पण पखवाजाचे एक ध्वनिमुद्रण जरा मोठ्याने लावले, की डाव्या बाजूच्या थापेचा घुमारा आक्रसून कोरडा होत असे. एका संध्याकाळी तर थाप पडताच आतला रिले (धोका दिसताच स्पीकरची जोडणी तोडणारा स्विच) टक् करून सुटला आणि दोन्ही स्पीकर मुके झाले.

नवा अ‍ॅम्प्लिफायर शोधताना मी आधी गणित मांडले. ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक नव्हे, दोन वॅट. म्हणजे एका वॅटला माझे स्पीकर ८१ डेसिबलच देतात. बसण्याच्या जागेपर्यंतची घट आणि दुसऱ्या स्पीकरची भर धरून तिथे साधारण ७८ डेसिबल उरतात. संगीतातील क्षणिक उसळ्या ९५ डेसिबलपर्यंत जाऊ द्यायच्या, तर आणखी १७ डेसिबल हवेत, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ५० वॅट. हा आकडा मोठा नाही. खरी कसोटी करंटची आहे, कारण या ५० वॅटच्या व्होल्टेजला ३ ओहमचा भार आला, की क्षणभर जवळजवळ ७ अँपिअर पुरवावे लागतात.

म्हणून माहितीपत्रकात ८ ओहमच्या आकड्यापेक्षा ४ ओहमचा आकडा मी आधी पाहू लागलो. ८ ओहमला ६० वॅट देणारे यंत्र ४ ओहमला १०० वॅटच्या आसपास पोहोचत असेल, तर त्याचा पॉवर सप्लाय भक्कम आहे. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल, तर मी ते यंत्र बाजूला ठेवतो. शिवाय तो आकडा किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला) मोजला आहे, हेही पाहावे. स्वस्त क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) यंत्रांवर छापलेले वॅट पुष्कळदा १० टक्के डिस्टॉर्शनचे असतात, आणि तेवढ्या डिस्टॉर्शनला कोणीही संगीत ऐकत नाही. ब्रिज मोडचा (अ‍ॅम्प्लिफायरचे दोन भाग जोडून एकच स्पीकर चालवण्याचा) मोहही अशा स्पीकरसाठी टाळावा, कारण त्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक भागाला निम्माच इंपीडन्स दिसतो.

जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा क्लास एबी (पारंपरिक पद्धतीचा) अ‍ॅम्प्लिफायर हा उत्तम पर्याय होता, परंतु त्याचे वीज साठवणारे कपॅसिटर बदलण्याची तयारी हवी. मी शेवटी क्लास डी घेतला, तोही आउटपुट फिल्टरच्या पुढून, म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या अखेरच्या सिग्नलवरून, फीडबॅक घेऊन स्वतःला सुधारणारा. असा फीडबॅक नसेल, तर स्पीकरचा इंपीडन्स बदलेल तशी तार सप्तकाच्या वरची झळाळी कमीजास्त होते. सोबतच्या ४८ व्होल्ट, ५ अँपिअरच्या सप्लायऐवजी मी १० अँपिअरचा मागितला. जादा पैसे खर्चावेत, तर ते इथेच.

पहिल्या दिवशी तेच पखवाजाचे ध्वनिमुद्रण त्याच आवाजात लावले. थाप पडली, घुमारा खोलीभर पसरून सावकाश विरला आणि रिले जागचा हलला नाही. तासाभराने खोक्यावर हात ठेवून पाहिला, तेव्हा ते जेमतेम कोमट होते.