गोधडीचा अकरावा फेरा

संक्रांतीनंतर धरलेली गोधडी आज ११ फेऱ्यांवर आली. आकार ५ फूट बाय ७ फूट, काठाकडून आत जाणारे चौकोनी फेरे आणि दोन फेऱ्यांत एक इंच अंतर. मध्यापर्यंत ३० फेरे होतील. बाहेरचे फेरे लांब असल्यामुळे टाक्यांच्या हिशेबाने काम निम्म्याच्या पुढे गेलंय. खाली आजेसासूबाईंचं इरकली नऊवारी, मध्ये आईच्या दोन सुती साड्या, वर तुकडे. सासूबाईंनी आधी सगळीकडे कच्चे टाके घालून दिले, म्हणून थर अजिबात सरकले नाहीत. त्या एकच गोष्ट सारखी सांगतात, "अगं, दोरा ओढू नकोस. बसू दे त्याला."

आता काठाबद्दल. यंदा काठ पळसाच्या फुलांनी रंगवायचा हे माघातच ठरलं होतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं गुलाबी झाली, काटेसावर फुलली आणि फेब्रुवारीच्या शेवटी पळसही पेटला. मी नि माझी लेक दोन रविवार पहाटेच जाऊन खाली पडलेली फुलं तेवढी वेचून आणली. झाडावरचं एकही तोडलं नाही. वर साळुंक्या, बुलबुल आणि भोरड्यांचा नुसता कल्ला चालू होता. एका भोरडीचं कपाळ परागांनी पिवळं झालेलं लेकीला दुर्बिणीतून दिसलं, आणि घरी आल्या आल्या तिने ते वहीत काढलं. ते चित्र मी एका तुकड्यावर साखळी टाक्याने भरणार आहे.

फुलं सावलीत वाळवली. कापड म्हणजे सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर, काठापुरतं २०० ग्रॅम. सोडा घालून उकळून त्यातली खळ काढली, मग रात्रभर हिरड्याच्या पाण्यात ठेवलं. सुती कापडावर तुरटी एकटी नीट धरत नाही. हिरड्यातलं तुरट द्रव्य आधी धाग्यात बसतं आणि मग तुरटीला धरून ठेवतं. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची पूड आणली होती. दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून कापड त्यात बुडवलं. रात्रभर भिजलेली फुलं मंद आचेवर तापवली, गाळली आणि कापड त्या पाण्यात सोडलं.

इथे माझी चूक झाली. मोठं पातेलं रिकामं नव्हतं म्हणून मी लोखंडी कढई घेतली. दहा मिनिटांत पिवळ्या रंगावर राखट हिरवी झाक चढायला लागली, आणि जिथे कापड कढईच्या बुडाला टेकलं होतं तिथे तर काळसर वर्तुळं उमटली. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो, जुनी शाई याच मेळातून करत. हे मला माहीत असूनही हातून निसटलं. अर्धं धोतर त्यात गेलं. फार वाईट वाटलं, कारण ते धोतर परत मिळणारं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी तो राखट तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "खारीचा रंग आलाय बघ." मग त्याच्या पट्ट्या कापून आम्ही वरच्या तुकड्यांमध्ये बसवल्या. इरकलीच्या गर्द जांभळ्या तुकड्याशेजारी तो रंग इतका शोभतो की आता पुढच्या गोधडीसाठी मुद्दाम तसा काढायचा विचार आहे.

उरलेलं अर्धं स्टीलच्या पातेल्यात केलं. लख्ख पिवळं आलं. निम्म्या पट्ट्या चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यातून काढल्या तर डोळ्यांदेखत नारिंगी झाल्या. हा रंग कडक उन्हात उडतो, म्हणून सावलीत वाळवायचा आणि धुवायचा तो फक्त रिठ्याने.

सावलीत वाळवायची आमची जागा म्हणजे मागची गॅलरी, आणि तिथेच आता कपडे टाकायची सोय उरली नाही. कपड्यांच्या दोरीच्या टोकाला जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटं बांधलंय. नर डिसेंबरात पिवळसर होता, पोटावर काळा पट्टा. फेब्रुवारीत संक्रांतवेल भरात होती तेव्हा तो रोज सकाळी यायचा आणि दर आठवड्याला जास्त काळा दिसायचा. आता उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. जास्वंदीत तो समोरून शिरतच नाही, फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडून मध पितो.

बांधकाम मात्र सगळं मादीचं. मी ११ वा फेरा घालत खिडकीपाशी बसले होते, तेव्हा हातभर अंतरावरून पाहिलं. खिडकीच्या कोपऱ्यातलं जळमट तिने चोचीत गुंडाळून नेलं, दोरीभोवती फिरवलं आणि त्यावर वाळल्या पानाचा चुरा, सालीचे कपटे डकवत गेली. घरटं लांबट बटव्यासारखं लोंबतंय, दाराच्या वर एक इवलासा छज्जासुद्धा आहे. ज्या सासूबाई दर शनिवारी जळमटं काढतात, त्यांनी गॅलरीचा झाडू उचलून आत ठेवलाय.

गॅलरीत शिवायला बसणाऱ्यांना एक विनंती. लांब दोरे, विशेषतः पॉलिस्टरचे, बाहेर पडू देऊ नका. पक्षी ते घरट्यासाठी नेतात आणि पिल्लांच्या पायात त्यांचा गुंता बसतो. मी आता कापलेला प्रत्येक तुकडा डबीत टाकते.

नारिंगी पट्ट्या सध्या दिवाणखान्यात खुर्च्यांच्या पाठींवर वाळताहेत. त्या पूर्ण वाळल्या की काठ दुमडून घ्यायचा आणि मग १२ वा फेरा. मोगऱ्याला पहिल्या कळ्या आल्यात, पण तो घरट्याखालीच आहे, त्यामुळे पाणी घालायचं काम लेकीने घेतलंय, फक्त मादी बाहेर गेली की. काल दुपारी तांबट पक्ष्याची टुकटुक चालू असताना ती किती तरी वेळ आतच होती. दारातून बाकदार चोच तेवढी बाहेर दिसत होती.