तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात अणुभट्टी नाही, मग भीती कसली?

"सर, भट्टी तारापूरला, भांडण जैतापूरचं, आणि तुम्ही इथे नागपुरात कबाडीवाल्यांना रेडिएशनचं काय सांगत फिरता?" स्टाफरूमपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे हाच प्रश्न, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मला भट्टीपेक्षा भंगाराची भीती जास्त वाटते. भट्टीला पहारा असतो, रोज मोजणारी माणसं असतात. कॅन्सरच्या जुन्या मशीनमधला कोबाल्ट किंवा बॉयलरचं वेल्डिंग तपासायच्या कॅमेऱ्यातलं इरिडियम, म्हणजे किरणं सोडणारे धातू, मात्र कागदावरून सुटलं की सुटलंच.

दिल्लीचं मायापुरी आठवा, २०१०. विद्यापीठातलं गामा सेल, म्हणजे प्रयोगासाठी किरणांचा मारा करायचं मशीन, १९८५ पासून पडून होतं, ते लिलावात भंगार म्हणून गेलं. विकणारे शिकलेसवरलेले लोक होते, हे मला फार लागतं. कबाडीवाल्यांनी ते फोडलं, आत कोबाल्ट-६०, एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला. एक माणूस गेला, बाकीचे भाजल्यासारख्या जखमा घेऊन दवाखान्यात.

ब्राझीलच्या गोयानियात १९८७ ला याहून वाईट झालं. बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियम, असाच किरणं सोडणारा पदार्थ, निघून कबाडीवाल्याकडे पोचलं, अंधारात निळं चमकायचं म्हणून लोकांनी नातेवाइकांना वाटून दिलं. घरातले एकेक जण आजारी पडायला लागले तेव्हा संशय आला तो कबाडीवाल्याच्या बायकोला, डॉक्टरला नाही! एका कामगाराला सोबत घेऊन ती ते पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेली. ती स्वतः वाचली नाही, एकूण चौघं गेले, त्यात सहा वर्षांची एक पोरगी. आणि शेवटी किरणं मोजणाऱ्या ज्या मीटरने खरं कळलं तो युरेनियम शोधणाऱ्या ऑफिसातून मागून आणलेला होता. तसं काम करणारं अणुखनिज संचालनालयाचं ऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, पण हे किती जणांना माहीत आहे?

कामठी रोडवर एका दुकानात मी रेडिएशनचा धोका सांगणारं ते पिवळं तीन पात्यांचं चिन्ह मोबाइलवर दाखवलं, तर पोरगा म्हणाला, "हे कूलरच्या कंपनीचं होय ना सर?" त्याचं काय चुकलं, पाती तर पंख्यासारखीच दिसतात. जगभर हाच अनुभव आला म्हणूनच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने लाल रंगाचं वेगळं चिन्ह काढलं, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं, पण ते मशीनच्या आत, उघडायला गेलं तरच दिसेल असं लावतात, आणि जुन्या मशीनवर तर ते नाहीच.

म्हणून मी त्यांना एवढंच सांगतो की आकाराच्या मानाने भलतंच जड काही आलं, आत किरणं अडवायला लावलेलं शिसं असेल असं वाटलं, तर कटर लावू नका, हात लावू नका, सगळ्यांना लांब करा आणि ११२ ला फोन करा. शिशाला भाव चांगला मिळतो, मोह होतोच, कळतं मला.

पण खरं सांगायचं ते कॉलेजवाल्यांना आणि दवाखान्यांना. सोर्स, म्हणजे मशीनमधला किरणं सोडणारा तुकडा, वापरून संपला की तो पुरवठादाराकडे किंवा अणुऊर्जा विभागाकडे परत जायला पाहिजे, लिलावाच्या यादीत नाही. तुमच्या स्टोअररूममध्ये एखादं बंद मशीन धूळ खात पडलेलं असेल तर या आठवड्यात त्याचे कागद काढून बघा, आणि कागद सापडत नसतील तर अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा.