बाई, तुम्ही शिकवता कधी?

पालक सभेला हा प्रश्न ठरलेलाच, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले तर तिथं पण कोणीतरी गाठतंच. "बाई, आमचं पोरगं म्हणतंय वर्गात नुसत्या काड्या मोजतोय, वही तर कोरीच दिसतीया, मग तुम्ही शिकवता कधी?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, उभ्या उभ्या सांगायला गेलं की माझं निम्मं राहूनच जातं.

मी दुसरीला शिकवते. दुसरीच्या गणितातलं खरं दुखणं बेरीज-वजाबाकी नाही ओ, आकड्यांची नावं आहेत. छत्तीस म्हटलं की कानाला आधी सहा ऐकू येतात मग तीस, आणि लिहायचे मात्र आधी तीन. पोरगं कानाला आलं तसं लिहितं, झाले त्रेसष्ट! २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं म्हणायला सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय का, चेष्टेचे मेसेज मला पण आले, पण खरं सांगू का, मी मनातनं पुस्तकाच्या बाजूनंच होते, कारण रोजच्या वह्या मी तपासते.

सुरुवातीची काही वर्षं मी पण 'एक ते शंभर पाच वेळा लिहून आणा' वालीच होते. वह्या भरायच्या, पालक खूश, आणि फळ्याजवळ बोलावून छत्तीस लिही म्हटलं की पुन्हा त्रेसष्ट. मग खराट्याच्या काड्या तोडून आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावलं आणि हा दशक, हा दशक म्हणून घसा फोडत बसले. हंगाम चालू होता, शाळेसमोरनं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, तेवढ्यात मागच्या ओळीतला एकजण म्हणतो, "बाई, ही तर मोळी की!" झालं, त्या दिवसापासनं आमच्या वर्गात दशकाचं नाव मोळी. छत्तीस म्हणजे तीन मोळ्या अन् सहा सुट्या. आधी हातानं बांधायचं, मग तोंडानं म्हणायचं, वही सगळ्यात शेवटी, म्हणून दिवाळीपर्यंत तुम्हाला ती कोरी दिसते. दशक हा शब्द पण येतो, पण मोळी सुटायला आणि बांधायला लागल्यावर, म्हणजे हातच्याच्या वेळी.

पाढे मात्र रोज परिपाठानंतर सुरात म्हणून घेते. जुनं म्हणा नाहीतर काय म्हणा, ते मी सोडणार नाही.

आणखी एक तक्रार असते, बाई बोली सुधारत नाहीत. आमच्या पोरी "बाई, मी आलो" असंच म्हणतात, कोल्हापुरात पोरी तशाच बोलतात, घरी माझी पण जीभ तिकडंच वळते. गणित सांगताना एखादीनं "मी मोळी सोडलो" म्हटलं आणि मी तिथंच "सोडली म्हण" केलं तर ती गप्प बसते, आणि मग ती मोळी का सोडली ते मला कळतच नाही. पुस्तकातली भाषा वाचनाच्या तासाला बघू.

एकोणतीस, एकोणचाळीस हे तर वेगळंच प्रकरण. पोरं एकोणतीसला हमखास ३९ लिहितात. त्यासाठी तीन मोळ्या टेबलावर ठेवायच्या आणि त्यातली एक काडी मी पदरात लपवायची. किती राहिल्या? तीसला एक कमी, एकोणतीस. हा खेळ पोरांना इतका आवडतो की माझ्या पदरावरच सगळ्यांची नजर. परवा दहा मोळ्या ठेवून एक काडी लपवली तर पहिल्या बाकावरची एक ओरडली, "एकोणशंभर!"

काय चुकलं सांगा तिचं? नव्याण्णव म्हणतात बाळ, म्हटलं, तर म्हणते, "का?" मला उत्तर आलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवलेत, अजून पुसलेले नाहीत.