कुठे कामाला? हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत

सोलापुरात एके काळी ‘मिल’ हा शब्द माणसाच्या चारित्र्याचा दाखला म्हणून चालत असे. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सोयरीक जुळवताना त्यांच्याविषयी ‘मुलगा मिलला आहे’ एवढेच सांगितले गेले आणि तेवढ्यावर सुपारी फुटली, असे आजी सांगायची. तो आत नेमके काय करतो, हे कोणीही विचारले नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट कसा उभा केला त्याची गोष्ट सांगणाऱ्या, परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाच्या नावातला विनोद मला म्हणूनच लगेच कळला असावा. सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नसलेल्या आणि नाटकात तोंडाला रंग लावणाऱ्याला घरात थारा नसलेल्या त्या काळात, दादासाहेब फाळके आपल्या नटमंडळींना सांगतात की, कोणी विचारलेच तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा. कारखाना म्हटले की चौकशी थांबते, ही गोष्ट गिरगावाइतकीच सोलापूरलाही लागू आहे.

२०१० च्या जानेवारीअखेर हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून उठलेला नव्हता. होम मैदानावर पाळणे फिरत होते, ‘मौत का कुआँ’पुढे गर्दी होती आणि मी ज्या चित्रपटगृहात बसलो होतो तिथे मोजून पंधरा-वीस डोकी होती. जत्रेतल्या तंबूत हलती चित्रे पाहायला माणसे दाटीवाटीने बसत, त्या दिवसांवरचा चित्रपट जत्रा सोडून ओस चित्रपटगृहात पाहण्यात काहीतरी उफराटे होते. भारताने ऑस्करसाठी पाठवलेला चित्रपट म्हणून त्याचे नाव झाले होते. पण मी गेलो होतो तो नंदू माधव यांच्यासाठी. ‘वळू’ या चित्रपटातला त्यांचा आबा माझ्या डोक्यातून गेलेला नव्हता.

गेल्या आठवड्यात हा चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी सोबतीला शेजारचे मामा होते. त्यांचे पूर्व भागात टॉवेलचे यंत्रमाग आहेत, घरची भाषा तेलुगू आहे आणि सिनेमाविषयी त्यांचे मत एकंदरीत वाईट आहे. सुरुवातीचा अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. लंडनहून आलेले यंत्र घरात उघडले जाऊ लागले, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “हा मशिनवाला माणूस आहे बघा. हात बघा त्याचे.”

नंदू माधव यांच्या अभिनयाविषयी इतके नेमके वाक्य मी कुठे वाचलेले नाही. थोर पुरुषाची भूमिका करणारा नट सहसा पहिल्या दृश्यापासूनच आपण पुढे थोर होणार आहोत हे जाणून वावरतो. त्याचा आवाज खाली उतरतो, नजर क्षितिजाकडे लागते आणि त्याच्या पाठीमागे सनई वाजू लागते. माधव यांच्या फाळक्यांना भारतीय चित्रपटसृष्टीच्या जनकत्वाची बातमीच लागलेली नाही. छपाईचा धंदा सोडून आलेला, चाळिशी ओलांडलेला, जादूचे प्रयोग करणारा हा गृहस्थ तुरुतुरु चालतो, मान तिरकी करून बोलतो, भुवया उंचावून हसतो आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटले तरी त्याचे हसू तसूभर कमी होत नाही. हलते चित्र प्रथम पाहताना त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव येत नाही, तर हे आहे तरी कसे, हे खोलून पाहायला कधी मिळणार, अशी पोरकट घाई येते. मामा ज्याला ‘मशिनवाला’ म्हणतात तो हाच. वाट्टेल ते यंत्र दिसले की स्क्रू ड्रायव्हर शोधणारी अशी माणसे आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या घरच्यांचे हाल काय असतात, हेही आम्हाला ठाऊक आहे.

सतत सिनेमे पाहून आणि रात्री-अपरात्री प्रयोग करून फाळक्यांची दृष्टी अधू होते, हा प्रसंग या अभिनयाची खरी परीक्षा आहे. दुसऱ्या एखाद्या नटाने इथे रडवून घेतले असते. माधव मात्र हा प्रसंग वाटेत मोडलेल्या सायकलीसारखा करतात. थांबायचे, दुरुस्त करून घ्यायची, पुढे निघायचे. हे करताना माणूस निर्विकार वाटण्याचा धोका असतो. तो त्यांनी टाळला आहे, कारण अधूपणातही त्यांच्या फाळक्यांची अस्वस्थता बोटांत शिल्लक आहे.

खर्चाची चणचण या चित्रपटात दिसते, आणि ती दिसते म्हणूनच त्याला रूप आले आहे. १९१० नंतरची मुंबई उभी करायची आणि पैसे बेताचे, तेव्हा मोकाशींनी कॅमेरा बहुतेक वेळा समोर रोवून ठेवला आहे. माणसे नाटकाच्या पडद्यातून यावीत तशी चौकटीत येतात, हालचाल करतात आणि निघून जातात. मोकाशी मुळात रंगभूमीवरचे. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पण ही नुसती सवय किंवा काटकसर नव्हे. मूकपटाच्या काळात कॅमेरा असाच एका जागी उभा असे आणि नटाने संपूर्ण शरीरानिशी बोलावे लागे. माधव यांची चाल, टोपी सावरणे, कोटाच्या खिशात हात घालणे हे सारे त्या चौकटीत दुरूनही वाचता येते. क्लोजअपची भीक न मागता नटाने चित्रपट तोलून धरल्याची अशी उदाहरणे मराठीत थोडी आहेत.

माझी एक तक्रार पहिल्यांदा पाहतानाही होती आणि ती आजही आहे. खऱ्या फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाण्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. पुढे भांडवल मिळावे म्हणून त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना चौकट-चौकट टिपून सावकाराला दाखवला. तरीही त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. या बाईंनी फिल्म धुण्यापासून तिच्या कडेला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे शिकून घेतली आणि त्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई उत्तम केल्या आहेत. नवऱ्याच्या वेडाला त्या हसत नाहीत आणि कपाळावर आठीही आणत नाहीत, त्या हिशेब मांडतात. तरीही एकेक वस्तू घराबाहेर जाते ती गंमत म्हणून, आणि नव्वद-पंचाण्णव मिनिटांत त्या रिकाम्या घराची थंडी एकदाही अंगाला लागत नाही. आजीने सांगितलेल्या मिल बंद पडल्यानंतरच्या गोष्टी ज्याने ऐकल्या आहेत, त्याला हे खटकणारच. मात्र हा दोष दिग्दर्शकाच्या निवडीचा आहे, नटाचा नाही. दिलेल्या सुरात माधव एकदाही बेसूर झालेले नाहीत.

तारामतीच्या शोधाचा भाग मामांना सर्वांत आवडला. स्त्री-भूमिकेसाठी बाई मिळता मिळत नाही, आणि शेवटी खाणावळीत काम करणारे साळुंके लुगडे नेसून उभे राहतात. मिशी काढायला सांगितल्यावर ‘वडील जिवंत आहेत’ म्हणून पुरुष अडून बसतात, तिथे तर मामा मोठ्याने हसले. या सगळ्या गोंधळात माधव यांचा संयम पाहण्यासारखा आहे. विनोद साळुंके आणि मंडळींच्या वाट्याला देऊन ते स्वतः शाळामास्तराच्या गांभीर्याने उभे राहतात, म्हणून हशा दुप्पट होतो. याच मंडळींनी केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला.

चित्रपट संपल्यावर मी मामांना खऱ्या फाळक्यांची फीत दाखवली. चित्रपट कसे तयार होतात हे सांगणारा एक लघुपट त्यांनी १९१७ साली केला होता आणि त्याचे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. मामांनी ते दोनदा पाहिले. मग त्यांनी विचारले, “त्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती?” नव्हती, दांडा हाताने फिरवावा लागे. एका फेऱ्यात आठ चौकटी जात आणि सेकंदाला सोळा चौकटी हव्या असत, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, तेही न अडखळता. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उजवा हात हवेत फिरवायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटाने त्यांची लय बसली. एक मिनिट झाल्यावर ते थांबले, खांदा चोळला आणि म्हणाले, “आता ते वाटाण्याचं परत लावा.”